टाकीवरची सहा घरं

मी एक जुनी तिवई आहे. जमीन मोजायचं यंत्र जिच्यावर बसवतात, ती तीन पायांची लाकडी घोडी म्हणजे मी. मित्रांनो, रस्त्याच्या कडेला एक डोळा मिटून यंत्रात बघणारा माणूस तुम्ही कधीतरी पाहिला असेल. तुम्ही त्याच्याकडे बघितलं असेल, नाहीतर यंत्राकडे. यंत्राखाली मी असते, पण माझ्याकडे कुणी बघत नाही. माझी त्याबद्दल काही तक्रार नाही. म्हणजे आहे, पण आता या वयात ती करून काय उपयोग?

माझा जन्म पुण्यातल्या एका कारखान्यात झाला. पाय सागाचे, डोक्यावर पितळेची जाड तबकडी आणि प्रत्येक पायाला टोकदार लोखंडी बूट. बुटाच्या वर एक पट्टी असते. तिच्यावर माणसाने पाय देऊन मला जमिनीत दाबायचं, म्हणजे मी हलत नाही. न हलणं हेच माझं काम. ऐकायला सोपं वाटतं, पण वाऱ्यात आणि उन्हात तीन पायांवर तासभर न हलता उभं राहून बघा.

माझी उमेदीची वर्षं जुन्नर तालुक्यात कालव्यांच्या कामावर गेली. धरणं बांधली जात होती, कालवे खणले जात होते. चिमाजी नावाचे एक मुकादम मला खांद्यावर घेऊन मैलोन् मैल चालायचे. मला उभं करण्याआधी ते टाचेने जमीन ठोकून बघत आणि स्वतःशीच पुटपुटत, "बस गं बाई नीट." त्या वर्षांत मी माती ओळखायला शिकले. काळ्या रानात माझा पाय वीतभर आत जाई. मुरमात दोन बोटं जाई. कातळावर नुसता टण्ण वाजे आणि घसरे. बाकी काही कळो न कळो, पायाखाली काय आहे ते मला कळतं, आणि त्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही.

पुढे कालव्यांची कामं संपली. हलक्या अॅल्युमिनियमच्या तिवया आल्या आणि मी कचेरीच्या कोपऱ्यात गेले. तिथे माझ्यावर ओले रेनकोट वाळले. एका साहेबांच्या निरोप समारंभात माझ्या डोक्यावर फुलदाणी ठेवली होती, त्याला लोक माझा सन्मान म्हणतील. एक पाय मोडला तेव्हा मला भंगारात काढलं. नारायणगावात टोमॅटोच्या फुटक्या क्रेटांच्या ढिगाखाली मी किती पावसाळे काढले ते आठवत नाही. लाकूड फुगलं, पितळ हिरवं पडलं, आणि खरं सांगते, आपण संपलो असं मला वाटलं होतं.

तिथून मला दादाभाऊने उचललं. दादाभाऊ ओतूरचा, खाजगी मोजणी करणारा. वय पन्नाशीचं, जीभ तिखट आणि बोलणं जास्त करून यंत्रांशी. त्याने माझा पाय बसवला, जवसाचं तेल चोळलं आणि माझ्या डोक्यावर आजकालचं ते यंत्र ठेवलं, जे उपग्रहांशी बोलतं आणि जागेचा ठावठिकाणा बोटाच्या रुंदीपर्यंत अचूक सांगतं. अॅल्युमिनियमवर त्याचा विश्वास नव्हता. "लाकडाची घोडी तापत नाय, थरथरत नाय," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. चारचौघांत झालेलं माझं तेवढं एकच कौतुक.

आता खाणवस्तीची गोष्ट सांगते.

नारायणगावहून येडगावकडे जाताना डाव्या हाताला एक फाटा लागतो. त्या फाट्याच्या आत साठ-सत्तर घरांची खाणवस्ती आहे. कालव्यांच्या काळात इथे दगडाची खाण निघाली. पश्चिमेच्या डोंगरातली भात-नाचणी पिकवणारी माणसं सुगी सरली की कामाला खाली उतरायची, ती इथे आली आणि राहिली. खालच्या गावांतली काही बौद्ध कुटुंबंही गावकीची कामं सोडून इथे रोजावर आली. आधी बांधकामाचा दगड निघाला, मग रस्त्याची खडी. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी खाण बंद पडली. क्रशरवाला मशीन उचलून गेला, माणसं मात्र तिथेच राहिली. खड्ड्यात पाणी साचलं. नंतर क्रशरची भुकटी, गावाचा कचरा आणि बायपासच्या कामातला राडारोडा टाकून लोकांनी तो हळूहळू बुजवला. त्यावर गवत उगवलं. आज तिथे गेलात तर खाण कुठे होती ते तुम्हाला सांगता येणार नाही. पण वस्ती अजून खाणीच्याच हिशोबाने बसलेली आहे. विहाराचा चौथरा म्हणजे सुरुंगाची दारू ठेवायच्या जुन्या खोलीचा चौथरा. घरांची दारं सगळी एकाच दिशेला, कारण दुसऱ्या दिशेने क्रशरची धूळ यायची. आणि वस्तीतला मुख्य रस्ता सरळ जाता जाता मधेच मोठं वळण घेतो. ते का, हे कुणालाच माहीत नव्हतं.

दोन पावसाळ्यांपूर्वी वस्तीच्या मधोमध भर दुपारी एका घराची न्हाणी खचली. सुदैवाने आत कुणी नव्हतं. पंचायतीला जाग आली. कुठली जमीन पक्की आणि कुठली भरावाची, हे शोधायचं ठरलं. एका संस्थेने त्या कामासाठी नूतनला पाठवलं. नूतन आंबेगाव तालुक्यातली, घोडेगावची. पुण्याला जाऊन कॉम्प्युटरवर नकाशे करायला शिकलेली. मुलगी कामाला वाघ होती, हे मी आधीच सांगते, कारण पुढे तिच्या हातून जी चूक झाली ती आळसातून झालेली नव्हती.

दादाभाऊला तिने जमिनीवरच्या मोजणीसाठी घेतलं आणि त्याच्याबरोबर मी आले. आकाशातून ड्रोनने शेकडो फोटो काढले. नूतनने ते एकावर एक जोडून अख्ख्या वस्तीचं एक मोठं चित्र केलं. त्यात कुणाच्या पत्र्यावर भोपळ्याचा वेल आहे, तेसुद्धा दिसायचं.

पण ड्रोनला आजचं दिसतं, पंचवीस वर्षांपूर्वीचं दिसत नाही. त्यासाठी नूतनने उपग्रहाने काढलेलं एक जुनं चित्र मिळवलं. त्यात वस्तीत एक काळा डाग होता. तो पाण्याने भरलेला खाणीचा खड्डा, हे तिने बरोबर ओळखलं. अडचण अशी की ते चित्र धूसर होतं आणि थोडं सरकलेलंही. जुनं चित्र नव्या चित्रावर नेमकं बसवायचं तर दोन्हींत दिसणारी, जागची न हललेली एखादी खूण लागते. तशी एकही खूण सापडेना. घरं नवी, झाडं नवी, विहीर एवढी लहान की जुन्या चित्रात दिसतच नव्हती. काळा डाग जरा वर सरकवला तर चढावरच्या सहा घरांवर बसे. जरा खाली सरकवला तर रस्त्यापलीकडच्या मोकळ्या, सपाट जागेवर बसे. खचलेली न्हाणी नेमकी दोन्हींच्या मधे, त्यामुळे तिची साक्ष दोन्हीकडून सारखीच.

मग पंचायतीच्या जुन्या घरयादीत नूतनला एक ओळ मिळाली. 'टाकीवरील घरे – सहा.' ती त्या चढावरच्याच घरांची होती.

तिने सरपंचांना विचारलं. सरपंच नानासाहेब चाळिशीचे, खालच्या मूळ गावातले. खाण बंद पडली तेव्हा ते चौथी-पाचवीत असतील. ते म्हणाले, "टाकी व्हती तितं कवातरी. आता काय दिसत नाय. बुजवली असंल."

नूतनला वाटलं, खूण सापडली. खाणीत साचलेल्या पाण्याला लोक टाकी म्हणत असणार. आजकाल कुठल्याही गावात 'टाकीपाशी ये' म्हटलं की लोक पाण्याच्या टाकीपाशीच येतात. दादाभाऊनेही मान डोलावली. त्या एका शब्दावर भिस्त ठेवून तिने काळा डाग वर सरकवला आणि सहा घरांवर बसवला. मीही तेव्हा पंचायतीच्या कोपऱ्यात मिटून उभी होते आणि मलाही त्यात काही खटकलं नाही.

पुढच्या ग्रामसभेत भिंतीवर नकाशा दाखवला. धोक्याची जमीन तांबडी, पक्की जमीन हिरवी. सहा घरं तांबड्यात होती. त्यांना तिथून उठवून पक्क्या जागी घरकुलं बांधून द्यायची, असं नानासाहेबांनी जाहीर केलं. नवी जागा होती गट नंबर एकशे चौदाचा पूर्व भाग, म्हणजे रस्त्यापलीकडची तीच सपाट जागा; पण सभेत फक्त नंबर सांगितला. पाच घरांचे लोक खूश झाले. नवं घर कुणाला नको असतं?

सहावं घर गोजरबाईचं होतं. गोजरबाई सत्तरीची. नवरा हौशीराम खाणीच्या धुळीने छाती भरून गेला, त्याला बारा वर्षं झाली. एकुलता एक मुलगा सुनील नारायणगाव-जुन्नर जीप चालवतो. सभेच्या दोन वर्षं आधी तो बायकोला, रत्नाला, घेऊन वेगळा झाला. त्याने त्या सपाट जागेच्या कडेला दोन खोल्यांचं स्लॅबचं घर बांधलं होतं. नकाशात ते हिरव्यात होतं आणि सुनील खुर्चीत जरा ऐसपैस बसला होता. गोजरबाईने मात्र भोपळ्याच्या वेलावरून आपलं घर ओळखलं आणि ती उठून उभी राहिली.

"बाई, माजं घर तांबडं कशापायी?"

"आजी, तुमचं घर जुन्या टाकीवर आहे ना?" नूतनने विचारलं.

"व्हय. टाकीवरच हाय. आमच्या मालकाचं समदं आयुष्य टाकीवर गेलं."

"आणि ती टाकी आता बुजली आहे."

"बुजली म्हंजी, माती बसली वर. आता कोन करतंय बाई ते काम?"

नूतनने वहीत लिहून घेतलं. प्रत्यक्ष राहणाऱ्या बाईचीच साक्ष मिळाली, मग अजून काय हवं?  "सरकारनं तपासलं असंल तर जायचं," असं म्हणून गोजरबाई खाली बसली. त्या रात्री तिला झोप लागली नाही, हे तिनेच नंतर सांगितलं. नवऱ्याच्या हातची भिंत सोडून जायचं म्हणजे काय, ते तिने सभेत कुणाला सांगितलं नाही.

आठवड्याने आम्ही नव्या घरकुलांची आखणी करायला गेलो. सकाळची वेळ होती. दादाभाऊने मला त्या सपाट जागेच्या मधोमध उभं केलं आणि पट्टीवर पाय दिला. माझा पहिला पाय वीतभर आत गेला. दुसरा त्याहून खोल. तिसऱ्याला खाली काहीतरी पोकळ लागलं, करकरलं आणि बसलं. हे काळं रान नव्हतं, मुरूम नव्हता आणि कातळ तर नव्हताच. असली जमीन मी आयुष्यात पाहिली नव्हती. दादाभाऊने यंत्र बसवलं आणि ते समपातळीत आहे का ते दाखवणारा पाण्यातला बुडबुडा मधोमध आणला. पाच-सहा खुंट्या ठोकून होईपर्यंत बुडबुडा काठाला गेलेला. पुन्हा आणला, पुन्हा गेला. तिसऱ्या वेळी दादाभाऊ माझ्यावरच खेकसला.

"लई झालं हिचं आता! म्हातारी झाली घोडी. मॅडम, पुढल्या महिन्यात अॅल्युमिनियमची घेतो, हिला टाकतो भंगारात."

मित्रांनो, नाचता येईना अंगण वाकडे, अशी म्हण तुम्हाला माहीत असेल. इथे अंगण खरोखरच वाकडं होतं आणि दोष मात्र नाचणारीच्या माथी. मला फार राग आला. राग आला तरी मला बोलता येत नाही, एवढंच.

दुपारी आम्ही गोजरबाईच्या अंगणात गेलो. घर पाडण्याआधी त्याचं मोजमाप नोंदवायचं होतं. दादाभाऊने मला अंगणात ठेवलं आणि सवयीने पट्टीवर जोरात पाय दिला. टण्ण! माझा पाय घसरला आणि त्याचाही. त्याने दुसरीकडे बघितलं, तिकडेही टण्ण. शेवटी गोणपाटाचे तुकडे पायांखाली घालून त्याने मला उभं केलं. बुडबुडा मधे आला आणि तिथेच राहिला. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला, तरी जागचा हलेना.

"आं? आता कशी गप उभी ऱ्हायली ही?" दादाभाऊ कपाळावर आठ्या घालून माझ्याकडे बघू लागला.

नूतनही बघत होती. तिने टाचेने जमीन ठोकली. "काका, इथे तर भराव आहे ना? मग हिचे पाय आत का जात नाहीत?"

गोजरबाई उंबऱ्यात बसून बाजरी पाखडत होती. ती मान वर न करताच म्हणाली, "पाय रुतंल कसा? टाकी हाय ती."

"तेच म्हणते आजी. टाकी बुजवली तर खाली माती हवी."

गोजरबाईने सूप खाली ठेवलं. तिने नूतनकडे असं बघितलं, जसं आपण चुकीच्या गाडीत बसलेल्या पाहुण्याकडे बघतो. मग ती आत गेली आणि वीतभर लांबीची, डोकं ठोकून ठोकून पसरलेली एक लोखंडी छिन्नी घेऊन आली.

"ही टाकी. दुसरी कंची टाकी? ह्या कातळावर बसून आमी दगूड घडवायचो. चाळीस जन एका टायमाला. खाणीतनं दगूड वर यायचा, हितं टाकी घालायची आन मग ट्रकात. म्हनून ही जागा टाकी."

 मग दादाभाऊने कपाळावर हात मारून घेतला. "टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाय! साळंत धा वेळा लिव्हलीय राव मी ही म्हन. धा वेळा!"

नूतनचा चेहरा उतरला होता. "आजी, मग खाण कुठे होती?"

"खाण? खालच्यात. सकाळच्यान तुमी जितं खुट्या ठोकत व्हता ना, तितं."

"मग तुम्ही सभेत बोलला का नाही?"

"मला काय ठावं, तुमी तितं घरं बांदनार? तुमी नंबर सांगितला. आन खाण कुटं हाय असं मला कुनी इचारलंच नाय. टाकी कुटं हाय इचारलं, ते सांगितलं."

हे अगदी खरं होतं. ती सपाट जागा आज रस्त्याच्या पातळीला आली आहे. तरी वस्तीतली जुनी माणसं तिला अजून 'खालचं' म्हणतात. 'खालच्यात शेळ्या सोडू नको', 'खालच्यात पोरं खेळत्यात'. नकाशात मात्र तिचा नंबर होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा असा.

नूतनने वही मिटली. ती शांतपणे म्हणाली, "आजी, खाणीची कड दाखवाल? जिथून चालाल तिथून मी खुणा घेत येते."

मला अंगणातच उभं ठेवलं होतं. माझ्या डोक्यावरचं यंत्र कातळावर स्थिर आणि त्याचं जोडीदार यंत्र नूतनच्या हातातल्या काठीवर. गोजरबाई पुढे, नूतन मागे, दादाभाऊ तिच्यामागे. टाकी उंचावर असल्यामुळे मला सगळं दिसत होतं. बाई इकडे-तिकडे बघत नव्हती, जमिनीकडेही बघत नव्हती. चौदा वर्षं डोक्यावर पाटी घेऊन ती याच कडेने चालली होती, आणि तिचे पाय आपले आपण वळत होते. दर दहा पावलांवर ती थांबे, नूतन काठी टेकवे, आणि मग पुन्हा पुढे. मला तिच्या पायांचा हेवा वाटला.

वळत वळत ती कड सुनीलच्या घरासमोर आली.

सुनील दारात जीप धूत होता. आत रत्ना भाकरी करत होती. आई सरळ आपल्या दाराकडे येतेय आणि मागे मोजणीवाले आहेत, हे बघून त्याने पाण्याचा पाइप खाली टाकला. त्यापुढचं बोलणं मी दादाभाऊकडून ऐकलं, आणि दादाभाऊ खोटं बोलत नाही.

"आये, कशाची रेघ ही?"

"खाणीची कड."

सुनीलला जे समजायचं ते समजलं. तो हळू आवाजात म्हणाला, "मग दाराभाईरनं ने की. दोन पावलांनी काय व्हतंय?"

दोन पावलांनी पुष्कळ काही होत होतं. रेघ दाराबाहेरून गेली तर त्याचं घर हिरव्यात राहणार होतं. आतून गेली तर त्याने केलेलं सगळं तांबड्यात जाणार होतं.  गोजरबाई उंबऱ्यापाशी उभी होती. दादाभाऊ म्हणतो, ती एवढा वेळ उभी होती की तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला.

मग ती आत गेली. सरळ स्वयंपाकघरात, ओट्यापर्यंत.

"हितनं," ती म्हणाली.

छताखाली उपग्रह दिसत नाहीत, त्यामुळे काठी तिथे उपयोगाची नव्हती. दादाभाऊने दारापासून टेप लावून ती जागा मोजली. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. गोजरबाईने ओट्यावरच्या भिंतीकडे बोट केलं. "त्या कॅलेंडरामागं तडा हाय. गेल्या साली मला दिसला व्हता." रत्नाने स्वतःच्या हाताने कॅलेंडर काढलं. मागे बोट जाईल एवढी भेग होती, वरपासून खालपर्यंत.

सुनील ओरडला, "मग बांदताना का नाय आडवलंस मला?"

"सांगितलं व्हतं. खालच्यात घर नगं, म्हनलं व्हतं. तू म्हनला, खालचं कुटंय आये, वर तर हाय." गोजरबाईचा आवाज तिथे फुटला. "मग मी बी गप बसले. म्हनलं, भरलीया तर भरलीया. माजंच चुकलं रं."

ती तशीच बाहेर आली आणि तिने उरलेली कड चालून पुरी करून दिली.

नूतनने त्या रात्रीच जुनं चित्र पुन्हा बसवलं. गोजरबाईची रेघ आणि जुन्या चित्रातला काळा डाग एकमेकांवर नीट बसले. वस्तीतल्या रस्त्याचं ते वळणही मग समजलं. तो रस्ता खाणीला वळसा घालून जात होता. खाण बुजली तरी त्याने वळण सोडलं नव्हतं. पंचायतीने खात्रीसाठी सपाट जागेत एक खड्डा खणला. पुरुषभर खोलीपर्यंत भुकटी, फुटके क्रेट, टायर आणि सिमेंटची ढेकळं निघाली. त्याखाली पाणी लागलं. तिथे सहा घरकुलं उभी राहिली असती, तर एखाद्या पावसाळ्यात काय झालं असतं, ते मी तुम्हाला सांगत बसत नाही.

घरकुलं रद्द झाली. पाच घरांचे लोक गोजरबाईवर नाराज झाले, कारण हातात आलेलं नवं घर तिच्यामुळे गेलं असं त्यांना वाटलं. महिनाभर तिच्याकडे कुणी हळद-मीठ मागायलाही आलं नाही. नूतनने पुढच्या सभेत उभं राहून सांगितलं, "चूक माझी होती. मी शब्द ऐकला, अर्थ विचारला नाही." शिकल्यासवरल्या माणसाने असं सगळ्यांसमोर म्हणणं मी फार वेळा ऐकलेलं नाही. तिने नव्या नकाशात 'टाकी' हे नाव ठेवलं आणि त्यापुढे लिहिलं, 'दगड घडवण्याची जागा, खाली अखंड कातळ'. सपाट जागेवर नंबराच्या वरती 'खालचं' असं लिहिलं आणि ती तांबडी केली. तांबड्याच्या कडेला सुनीलच्या दोन खोल्या होत्या.

सुनील आईशी आठ दिवस बोलला नाही. नवव्या दिवशी त्याची जीप चढ चढून टाकीवर आली. त्या वेळी मी आणि दादाभाऊ तिथेच शेवटच्या खुणा घेत होतो. जीपमध्ये पिठाचा डबा होता, गॅसची टाकी होती, गाद्या होत्या आणि पुढच्या सीटवर रत्ना.  गोजरबाईने उठून आतली कोपऱ्यातली लाकडं बाहेर काढली आणि झाडू घेतला.

सुनीलला अंगणात पत्र्याची पडवी काढायची होती. तो पहारीने खांबासाठी खड्डा खणू लागला. पहार उडे आणि त्याचे हात झिणझिणत. तासाभरात चार बोटं खड्डा झाला. घाम पुसत तो म्हणाला, "लई कडक हाय गं आये हितं."

"मग?" गोजरबाई आतून म्हणाली. "मऊ असतं तर तुला हितं ऱ्हाऊ दिलं असतं व्हय?"

मित्रांनो, दादाभाऊने मला भंगारात टाकलं नाही. त्याने माफी मागितली नाही, पण माझ्या तिन्ही बुटांना नवे खिळे मारले, आणि आता मला उभं करण्याआधी तोही टाचेने जमीन ठोकतो. माझी उरलेली वर्षं बरी जातील असं वाटतं. तुमच्याकडे माझं मागणं एवढंच आहे की जुन्या वस्तू मोडल्या म्हणून लगेच फेकू नका. त्यांचा दोष की पायाखालच्या जमिनीचा, ते आधी बघा. आणि तुमच्याही गावात एखादी जागा अशी असेल, जिचं नाव आज जुळत नाही. चढावर असून तिला खालचं म्हणतात, कोरडी असून तळं म्हणतात. घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर त्याच्याजवळ बसा आणि विचारा, आपलं घर आहे तिथे आधी काय होतं. उत्तर तुम्हाला आवडेलच असं नाही. तरी विचारा.